शेपटाला चिमटा, डोक्याला झोका

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नाशिकच्या अंबडमधल्या एका ऑटोमेशन कंपनीत आहात आणि कालव्याचं काम हातात आलंय. आठ टप्पे. प्रत्येक टप्प्याच्या तोंडाशी मोटरचं गेट, शेवटाशी पातळी मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर. गेट आपापल्या टप्प्याच्या शेवटची पातळी सांभाळतं, प्रत्येकाला स्वतंत्र पीआय कंट्रोलर, म्हणजे पातळीची आत्ताची चूक आणि आजवर साठलेली चूक दोन्ही बघून गेट हलवणारा. एकेक गेट ऑटोवर टाकलं तर दृष्ट लागावी असं चालतं. आठही एकदम ऑटोवर टाकले आणि शेवटची चारी उघडली, की पाच-साडेपाच तासांचा झोका सुरू होतो. तो शेपटाकडे जेमतेम दिसतो आणि धरणाकडच्या गेटाशी सर्वांत मोठा असतो. साहेब म्हणतात, सगळं एका मध्यवर्ती संगणकावर घ्या. तुमच्या मनात वितरित कंट्रोलर आहे, म्हणजे प्रत्येक गेटावर आपापला कंट्रोलर आणि त्यांच्यात निरोप, पण त्याचं डिझाइन नेमकं कुठून सुरू करायचं ते कळत नाही.

तुमचं ट्यूनिंग चुकलेलं नाही. आठही गेटं एकेकटी बरोबर आहेत, चुकली आहे ती साखळी. प्रत्येक कंट्रोलर शेजारी नसल्यासारखा डिझाइन केलाय आणि कालव्यात शेजाऱ्यावाचून काहीच नाही. कोणी कोणाला काय कळवायचं, हा प्रश्न वायरिंगवाल्यावर सोडायचा नसतो. वितरित कंट्रोलरचं अर्धंअधिक डिझाइन तेच आहे.

आधी आकडे. तुम्ही सरासरी टप्पा ४ किलोमीटर, पाण्याच्या पृष्ठभागाची रुंदी ८ मीटर, खोली १.२ मीटर दिली आहे. उथळ पाण्यातल्या लाटेचा वेग म्हणजे गुरुत्व प्रवेग गुणिले खोली याचं वर्गमूळ, इथे सेकंदाला ३.४ मीटर. प्रवाहाचा स्वतःचा अर्धा मीटर धरला तर ३.९. म्हणजे गेट उघडल्यावर टप्प्याच्या शेवटाला त्याची खबर लागायला १७ मिनिटं. नाशिककराला हा उशीर समजावून सांगावा लागत नाही. पावसाळ्यात गंगापूर धरणातून इतके क्युसेक सोडले अशी बातमी येते आणि आपण गोदावरीच्या रामकुंडावर, ज्यावरून पुराची उंची जोखतात त्या दुतोंड्या मारुतीकडे बघत उभे राहतो. पाणी लगेच चढत नाही, पण चढणार हे नक्की असतं.

टप्प्याचं पृष्ठफळ ३२,००० चौरस मीटर. आत येणारं आणि बाहेर जाणारं पाणी यांच्यातल्या फरकाची बेरीज म्हणजे पातळी. झालं, सुरुवातीला एवढंच मॉडेल पुरतं: एक इंटिग्रेटर आणि त्याच्या आधी १७ मिनिटांचा उशीर. वाहत्या पाण्याची पूर्ण, सेंट व्हेनांची समीकरणं सिम्युलेशनसाठी ठेवा, डिझाइन या साध्या मॉडेलवर करा. एक पथ्य मात्र पाळा. टप्प्यात लाट पुढे जाऊन परत येते, तिचा फेरा तुमच्या मापांत चाळीस मिनिटांच्या आसपास पडतो. कंट्रोलर त्या लाटेच्या नादी लागता कामा नये, म्हणून मोजमापापुढे फिल्टर हवाच.

या मॉडेलवर नुसता प्रपोर्शनल गेन, म्हणजे पातळीच्या चुकीमागे प्रवाह किती बदलायचा तो आकडा, किती वाढवता येतो? ६० अंशांचं फेज मार्जिन (डोलण्यापासून राखलेलं अंतर) ठेवायचं तर एका सेंटिमीटरच्या चुकीला सुमारे ६ क्युसेक. १७ क्युसेकच्या पुढे गेलात की एकटा टप्पासुद्धा डोलायला लागेल. तुमचा गेन ६ आहे आणि इंटिग्रल वेळ (साठलेली चूक किती सावकाश फेडायची तो काळ) पावणेतीन तास. म्हणजे पुस्तकी हिशेबात तुम्ही अगदी योग्य जागी आहात, आणि एकेकटं गेट छान चालतं ते म्हणूनच.

आता वरच्या गेटाच्या जागी उभे राहून बघा. खालच्या गेटाने पाणी जास्त ओढलं, माझी पातळी उतरली, म्हणून मी जास्त सोडतो. खालून आलेली मागणी माझ्यातून वर जाताना किती पट होते? तुमचेच आकडे घालून मी काढलं: पाच-साडेपाच तासांच्या झोक्याला १.२३ पट. एका टप्प्यात २३ टक्के वाढ म्हणजे कोणाच्या नजरेत भरणार नाही. पण आठ वेळा १.२३ ने गुणा, ५.२ येतं. शेपटाला चिमटा काढला की डोकं उडी मारतं ते यामुळे. कसारा घाटात पुढच्या ट्रकने ब्रेकला नुसता पाय लावला की दहावी गाडी थांबलेली असते, त्यातलाच हा प्रकार. गाड्यांच्या ताफ्यांवर काम करणाऱ्यांनी यालाच स्ट्रिंग स्टॅबिलिटी असं नाव दिलंय.

ट्यूनिंग बदलून ही वाढ पूर्ण घालवता येईल का? नाही. पातळी स्वतःच एक इंटिग्रेटर, पीआयमधला इंटिग्रल दुसरा. लूपमध्ये दोन इंटिग्रेटर असले की कोणत्या ना कोणत्या फ्रीक्वेन्सीला हे गुणोत्तर एकाच्या वर जातंच, हे नियंत्रणशास्त्रातल्या बोडेच्या धाटणीच्या एका इंटिग्रल सूत्रातून सिद्ध होतं. उशीर असेल तर ते आणखी फुगतं. तुम्ही फक्त उंचवटा बसका आणि पसरट करू शकता.

सूत्र बाजूला ठेवून हाच मुद्दा पाण्याच्या हिशेबातून बघा, कारण मला तो खरा तिथे पटला. शेपटाची चारी १० क्युसेकने उघडली. सगळ्या गेटांना त्याच क्षणी कळलं आणि सगळ्यांनी त्याच क्षणी १० क्युसेक वाढवले, असं आदर्श चित्र धरा. तरी प्रत्येक टप्प्यातून पाणी लगेच जातं आणि वरून यायला १७ मिनिटं लागतात. त्या वेळात टप्प्याची तूट सुमारे २९० घनमीटर, म्हणजे पातळी ९ मिलिमीटर खाली. आठ टप्प्यांची मिळून २,३०० घनमीटर. चारी उघडणार हे आधी माहीत नसेल तर ही तूट कोणताही कंट्रोलर वाचवू शकत नाही. साहेबांचा मध्यवर्ती संगणकही नाही. पातळ्या मूळपदावर आणायच्या तर एवढं पाणी धरणातून जास्तीचं यावंच लागेल. तासाभरात भरून काढायचं म्हटलं तर पहिल्या गेटाला १० क्युसेकवर आणखी २३ सोडावे लागतात. सहा तासांत भरायचं म्हटलं तर जेमतेम ४. तुमच्या पहिल्या गेटाची उडी ही याच कर्जाची घाईघाईने केलेली परतफेड आहे, आणि शेजाऱ्यांशी न बोलता केल्यामुळे व्याजासकट.

म्हणजे कंट्रोलरच्या हातात दोनच गोष्टी उरतात: तूट कोणाच्या टप्प्यात किती पाडायची आणि ती किती सावकाश फेडायची. बागलाणात मोसम नदीच्या बंधाऱ्यांवरची फड पद्धत पाहिली असेल तर हा विचार नवा वाटणार नाही. तिथे पाणी देण्याचं काम पाटकऱ्याचं, आणि पाणी कमी असेल त्या वर्षी कोणत्या फडाला किती द्यायचं हे गाव आधी ठरवणार. ज्याच्या बांधावर पाणी आटलं त्याने ऐनवेळी ओरडायचं आणि मग वरच्याने दार उघडायचं, असा कारभार तिथे चालत नाही. तुमची आठ गेटं आत्ता नेमकी तशी वागतात. प्रत्येक जण स्वतःची पातळी पडेपर्यंत गप्प, आणि पडली की धावाधाव. बैल गेला नि झोपा केला.

मग डिझाइन. पहिली पायरी निरोपाची. प्रत्येक गेटाने आपण किती प्रवाह सोडतोय हे फक्त वरच्या शेजाऱ्याला सांगायचं, आणि वरच्याने त्यातला ठरावीक हिस्सा स्वतःची पातळी पडायची वाट न बघता लगेच सोडायचा. हा फीडफॉरवर्ड. इथे बहुतेक जण एक चूक करतात. निरोप सुरू करतात आणि फीडबॅकचा, म्हणजे पातळीची चूक बघून दिलेल्या प्रतिसादाचा, गेन होता तिथेच ठेवतात. मीही केली होती. तुमच्या आकड्यांवर तसं केलं, म्हणजे ७५ टक्के निरोप आणि गेन जुनाच, तर संथ झोका थोडा कमी होतो, पण त्याहून जलद, सुमारे तीन तासांच्या झोक्याला वाढ १.४ पटीपर्यंत जाते! एकच मागणी दोनदा पुरवली जाते: एकदा निरोपाने, एकदा पातळी पडली म्हणून.

निरोप आला की फीडबॅकने हात आखडता घ्यायचा. गेन ६ वरून साधारण २.२ क्युसेक प्रति सेंटिमीटर, इंटिग्रल वेळ पावणेतीन तासांवरून पावणेसहा तास, निरोपाचा हिस्सा ७५ टक्के. याच साध्या मॉडेलवर सर्वांत वाईट वाढ १.०६ पट येते, आठ टप्प्यांत मिळून १.६ पट. सव्वापाच कुठे आणि १.६ कुठे. यासाठी मध्यवर्ती संगणक लागला नाही, प्रत्येक गेटाला फक्त एका शेजाऱ्याशी बोलावं लागलं. हे आकडे आठही टप्पे सारखे धरून काढलेत. तुमचा एखादा टप्पा दोन किलोमीटरचा आणि एखादा सात किलोमीटरचा असणार, तेव्हा गेन पृष्ठफळ भागिले उशीर या प्रमाणात बदला आणि गुणोत्तरांचा गुणाकार पुन्हा तपासा. मला एकच गोष्ट तपासता आली असती तर ती हीच: एका लूपचं मार्जिन नव्हे, साखळीचा गुणाकार.

दुसरी पायरी पुस्तकी आहे, पण उपयोगी. वरचे तीन आकडे हाताने शोधण्याऐवजी कंट्रोलरलाच टप्प्यांसारखी रचना द्यायची. कालव्यात जसा शेजारी-शेजारी जोड, तसाच कंट्रोलर-कंट्रोलरमध्ये जोड, आणि त्या जोडांवरून काय जावं तेही गणिताने ठरवायचं. डिआंद्रिया आणि डलरुड यांनी २००३ मध्ये सारख्या घटकांच्या साखळीसाठी आणि लँगबोर्ट, चंद्रा, डिआंद्रिया यांनी २००४ मध्ये कशाही जोडलेल्या वेगवेगळ्या घटकांसाठी ही पद्धत मांडली. गाभा विलेम्सच्या डिसिपेटिव्हिटीचा: प्रत्येक टप्प्याने जोडावर जितकी 'ऊर्जा' घेतली त्याचा हिशेब द्यायचा, आणि जोडाच्या दोन बाजूंचे हिशेब जुळले की पूर्ण साखळीची हमी मिळते. प्रत्यक्षात ती एलएमआयची (रेषीय मॅट्रिक्स असमानतांची) यादी होते आणि संगणक सोडवतो. अटी पुरेशा आहेत, आवश्यक नाहीत, म्हणून उत्तर जरा भित्रं येतं. मला ते चालतं. ऑस्ट्रेलियातल्या सिंचन कालव्यांवर कँटोनी, वेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच दिशेने केलेलं काम २००७ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झालं, आणि तुमचा प्रश्न जवळजवळ तसाच त्यात आहे.

आता साहेबांचा मध्यवर्ती संगणक. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. सगळी माहिती एका ठिकाणी असेल तर मिळणारं सर्वोत्तम उत्तर वितरित उत्तरापेक्षा वाईट असूच शकत नाही. प्रश्न एवढाच, की ते कितीसं चांगलं असतं. बामीह, पॅगानिनी आणि डाहले यांनी २००२ मध्ये दाखवलं की एकसारख्या घटकांच्या अनंत रांगेत सर्वोत्तम मध्यवर्ती कंट्रोलरचे गेनही अंतरासोबत झपाट्याने, घातांकी वेगाने, घटत जातात. म्हणजे तो सर्वज्ञ कंट्रोलरही मुख्यतः शेजारपाजारचंच ऐकतो. तुमचा कालवा अनंत नाही आणि एकसारखाही नाही, तरी अंदाज म्हणून हे धरून चालायला हरकत नाही.

उलट बाजूची भीतीही ऐकली असेल. विट्सेनहाउझेनने १९६८ मध्ये एक इवलासा प्रश्न मांडला: दोन कंट्रोलर, रेषीय यंत्रणा, वर्गरूप खर्च (चुकीच्या वर्गावर मोजलेला), फक्त दुसऱ्याला पहिल्याची माहिती नाही. एवढ्यावर रेषीय कंट्रोलर सर्वोत्तम राहत नाही. वितरित नियंत्रण म्हणजे दलदल, ही समजूत तिथून आली, आणि ती खोटीही नाही. पण दलदल सगळीकडे नसते. रोटकोविट्झ आणि लाल यांनी २००६ मध्ये ज्या रचनांमध्ये हा प्रश्न बहिर्वक्र, म्हणजे सोडवण्याजोगा राहतो त्यांची अट दिली. कामापुरतं सांगायचं तर, एका घटकाच्या कृतीचा परिणाम दुसऱ्यापर्यंत पोहोचण्याआधी निरोप पोहोचत असेल तर तुम्ही कोरड्या जमिनीवर आहात. पाण्याला १७ मिनिटं लागतात, मोबाइल मोडेमला दोन सेकंद. वीजजाळ्यावर काम करणाऱ्यांना हे सुख नाही.

म्हणून माझं मत: रोजचं नियंत्रण गेटावरच्या पीएलसीत (छोट्या औद्योगिक नियंत्रण-संगणकात), शेजाऱ्याशी बोलत. मध्यवर्ती संगणकाला आवर्तनाचं वेळापत्रक द्या. कोणती चारी उद्या सकाळी सातला उघडणार हे आधी माहीत असेल तर तूट पडूच द्यायची नाही. एकूण उशीर सव्वादोन तासांचा, पाणी पावणेपाचला वरून सोडा. ही गोष्ट कोणताही फीडबॅक करू शकत नाही आणि ती करायला फार अक्कलही लागत नाही.

एक मूलभूत निवड तुम्ही प्रश्नात गृहीत धरली आहे, ती साहेबांना समजावून ठेवा. आपल्याकडे रूढ रीत अशी, की गेटाने आपल्या लगत वरच्या बाजूची पातळी सांभाळायची आणि उरलंसुरलं खाली ढकलायचं. त्यात उशीर जवळजवळ नसतो, लूप कधी डोलत नाही. पण वरच्या प्रत्येकाची चूक खाली साठत जाते आणि हिशेब शेवटच्याच्या माथी बसतो. ओझरच्या बाजूला वाघाड कालव्याच्या शेपटाकडचे शेतकरी १९९० च्या सुमारास पाणीवापर संस्था करून उभे राहिले त्यामागे हेच जुनं दुखणं होतं. तुमच्या रचनेत चूक वर, धरणाकडे जाते, जिथे ती सोसायला साठा आहे. ही निवड योग्य आहे, फक्त तिची किंमत उशिराच्या रूपात मोजावी लागते आणि म्हणूनच हा सगळा खटाटोप.

आता ज्या गोष्टी शोधनिबंधात एका ओळीत उरकतात आणि साइटवर रात्री जागवतात त्या. निरोप तुटणार. टॉवर जाईल, वीज जाईल, कोणीतरी बॅटरी नेईल. सिल्याकने 'कनेक्टिव्ह स्टॅबिलिटी' म्हणून मांडलेली अपेक्षा इथे कामाची आहे: कोणताही जोड सुटला तरी यंत्रणा स्थिर राहिली पाहिजे. तुमच्या बाबतीत फीडबॅक सौम्य केल्याने ती आपोआप पाळली जाते. निरोप गेला तरी स्थिरता जात नाही, फक्त पातळी जास्त पडते. पण निरोप बंद पडला तर शेवटचा आकडा धरून ठेवा, शून्य धरू नका. शून्य धरणारा कोड मी पाहिलाय, टॉवर गेल्या गेल्या गेटाने एका दमात पाणी तोडलं होतं.

दुसरं, वरचं गेट पूर्ण उघडलं आणि तरी पाणी पुरत नसेल तर खालच्यांना ते कळायला हवं. नाहीतर सगळ्यांचे इंटिग्रल भरत बसतात आणि पाणी आलं की सगळे मिळून पूर आणतात. म्हणून निरोप वर जातो तसा एक खालीही यायला हवा: 'माझी मर्यादा संपली'. हाच निरोप एखादं गेट मॅन्युअलवर टाकल्यावरही गेला पाहिजे, कारण चौथं गेट हाताने चालतंय हे तिसऱ्याला आणि पाचव्याला माहीत नसेल तर साखळी मध्येच आंधळी होते. आणि मॅन्युअल होणारच. द्राक्षाच्या हंगामात रात्री अकरा वाजता चाळीस माणसं गेटावर आली तर पाटकऱ्याने पीएलसीकडे बोट दाखवावं अशी अपेक्षा ठेवू नका.

बाकी किरकोळ. गेटाला दर पाच मिनिटांनी हलवू नका, मोटरचा आणि गिअरबॉक्सचा जीव जातो. दोन सेंटिमीटरपेक्षा कमी हालचाल असेल तर थांबा. शेतकऱ्यांनी कालव्यात टाकलेल्या मोटरींचं पाणी कुठल्याच चारीच्या मापात येत नाही, त्यामुळे इंटिग्रल पूर्ण काढून टाकायचा मोह झाला तरी काढू नका.

चालू करताना क्रम वरून खाली घ्या: आधी पहिलं गेट ऑटोवर, मग दुसरं. एका कालव्यावर आम्ही शेपटाकडून सुरुवात केली होती, कारण शेवटच्या टप्प्यांतल्या तक्रारी जास्त होत्या. खालची दोन गेटं ऑटोवर, वरची हाताने. खालच्यांनी मागितलं तसं पाणी ओढलं, वरून द्यायला कोणी नव्हतं, आणि सहाव्या टप्प्यातलं पाणी रात्रीत झपाट्याने उतरलं. पाणी असं भराभर उतरलं की अस्तरामागच्या ओल्या मातीतला दाब सुटायला वेळ मिळत नाही. सकाळी काँक्रीटच्या अस्तराचे पाच-सहा फलक उचललेले दिसले. दुरुस्तीचं बिल कोणाच्या नावावर पडलं ते सांगत नाही. तेव्हापासून माझ्या प्रत्येक कंट्रोलरमध्ये पातळी तासाला किती उतरू द्यायची याची वेगळी मर्यादा असते, आणि ती कंट्रोलरच्या बाहेर, पीएलसीच्या इंटरलॉकमध्ये (कंट्रोलरलाही न जुमानणाऱ्या सुरक्षा-अडसरात) असते.

येत्या आवर्तनात कालवा निरीक्षकांकडून एका सकाळची परवानगी काढा. तिसरं गेट १५ क्युसेकने उघडा, चौथं हलवू नका, आणि तिसऱ्या टप्प्याच्या शेवटची पातळी दोन तास दर मिनिटाला नोंदवा. पातळी पहिल्यांदा हलली ती वेळ म्हणजे उशीर, त्यानंतर ती ज्या उताराने चढली त्यावरून पृष्ठफळ. माझा १७ मिनिटांचा अंदाज त्या आलेखासमोर किती टिकतो ते आधी बघू. गाळ आणि गवत असेल तर वीसच्या पुढेही निघेल. मग गेन त्या आकड्यावरून पुन्हा काढा.